फणसाची फळी, चार कोपरे आणि न तुटणारी रेषा

लाकडाची चांगली पेटी ओळखायची तर कोपरे बघावेत. समोरच्या बाजूवरची रेषा कोपऱ्यापर्यंत येते, वळते आणि शेजारच्या बाजूवर तशीच पुढे चालू राहते. चारही कोपऱ्यांवर असं झालं असेल तर माणूस ती पेटी हातात घेऊन फिरवत राहतो, कारण रेषेला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. तेच लाकूड आणि तेच माप असूनही रेषा कोपऱ्यावर तुटली, तर पेटी चारचौघींसारखी दिसते. हा फरक पॉलिशने भरून निघत नाही. फळीला करवत लागण्याआधी पेन्सिलीने ज्या खुणा केल्या, त्यांच्यावर तो ठरतो.

कोकणात या कामाला लागणारं लाकूड दारात आहे. फणस, आंबा, साग, ऐन, शिसवी ही सगळी देखणी लाकडं. अडचण हवेची आहे. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, पुढे मे महिन्यापर्यंत आकसतं, आणि रेषा कितीही छान जुळवल्या तरी ही हालचाल विसरलेली पेटी दोन पावसाळ्यांत अडकते किंवा फाटते. चांगली गोष्ट अशी की लाकूड कुठल्या दिशेने फुगणार ते त्या रेषाच सांगतात. म्हणून सौंदर्य आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे विषय धरू नयेत. रेषा वाचता आल्या की दोन्ही साधतात.

रेषा येतात कुठून

झाडाचं खोड म्हणजे उभ्या, अतिशय बारीक नळ्यांचा गठ्ठा. मुळांकडचं पाणी त्यांतून वर जातं. सालीच्या आत दरवर्षी नव्या नळ्यांचा एक थर चढतो. सागाचं झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकून थांबतं. पाऊस आला की ते पुन्हा जोमाने वाढायला लागतं आणि त्या वेळच्या नळ्या मोठ्या भोकांच्या असतात. हंगाम सरत आला की नळ्या बारीक आणि भिंती जाड होतात. मोकळा थर, मग दाट थर, असं वर्षानुवर्षं चालतं आणि कापलेल्या सागात गडद रेषा उठून दिसतात. फणसात आणि आंब्यात भोकं सगळ्या थरात सारखी विखुरलेली असल्यामुळे वर्षाची रेघ इतकी ठळक नसते. तिथली शोभा वेगळ्या कारणाने येते, ती पुढे बघू. माडाच्या लाकडात तर वर्षाचे थर नसतातच. त्यात काळसर धाग्यांचे ठिपके असतात आणि उभं चिरलं की त्यांच्या तुटक काळ्या रेघा दिसतात.

खोड आडवं कापलं की हे थर एकात एक बसलेल्या गोल कड्यांसारखे दिसतात. या कड्या डोळ्यांसमोर ठेवल्या की पुढचं सगळं सोपं होतं. ओंडका एकच असतो, पण करवत कुठून जाते त्यावर त्याच कड्यांची वेगळी नक्षी उमटते. करवत कड्यांना साधारण स्पर्श करून गेली तर फळीवर कमानी येतात, एकात एक बसलेल्या, डोंगराच्या नकाशासारख्या. करवत मध्यापासून सालीकडे, कड्यांना काटकोनात गेली तर सरळ, समांतर रेषा येतात. कुठली फळी कशी चिरली आहे हे तिच्या टोकाला बघून कळतं. टोकाकडे कड्यांच्या रेघा फळीच्या रुंदीला जवळपास समांतर असतील तर वर कमानी असणार, आणि त्या उभ्या असतील तर सरळ रेषा. वखारीत जाल तेव्हा फळीच्या तोंडाकडे आधी बघा आणि मगच तिच्या पाठीकडे.

फणसाचं म्हणाल तर त्याचे तंतू सरळ उभे वाढत नाहीत. काही थर उजवीकडे कललेले, पुढचे काही डावीकडे, असं आलटून पालटून चालतं. अशा ओंडक्याची फळी कड्यांना काटकोनात चिरली की तिच्यावर बोटाच्या रुंदीचे फिके आणि गडद पट्टे दिसतात. ती फळी खिडकीजवळ धरून उलट दिशेला वळवा. फिका पट्टा गडद होतो आणि गडद पट्टा उजळतो. हा रंगाचा फरक नाहीच. कललेल्या तंतूंवरून उजेड कुठल्या बाजूला परततो त्याचा हा परिणाम आहे. लहान पेटीसाठी मला फणस सर्वांत आवडतो तो यामुळेच. पेटी हातात फिरते आणि फिरताना लाकूड बदलत राहतं. टेबलाला हे भाग्य नाही.

ऐनामध्ये गडद तपकिरी, कधी काळसर ओघळ असतात. लाकूड जड आणि चिवट, वाळताना तडकण्याची खोड असलेलं. शिसवी देखणी आहेच, पण तिची धूळ अनेकांना बाधते, तेव्हा तोंडाला मास्क हवा. सावंतवाडीच्या चितारआळीत खेळण्यांसाठी पूर्वापार पांगारा वापरला गेला. तिथे वरच्या रंगाला महत्त्व, म्हणून हलकं, मऊ, फारशा रेषा नसलेलं लाकूड योग्यच. आपल्याला इथे नेमकं उलट हवं आहे.

लाकूड कुठलं घ्यावं

नवं झाड पाडायची गरज नाही. जुनं घर उतरवताना निघालेले वासे, दारांच्या फळ्या, मोडलेली कपाटं यांत उत्तम वाळलेलं लाकूड मिळतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत असंख्य झाडं आडवी झाली. अशा पडलेल्या झाडांचं बरंचसं लाकूड सरपणात जातं, आणि दर पावसाळ्यात गावोगाव कुठे ना कुठे एखादा फणस पडतच असतो. झाड तोडायला आणि लाकूड हलवायला वनखात्याचे नियम लागू होतात, तेव्हा ओंडका गाडीत घालण्याआधी चौकशी करावी. जुन्या लाकडात खिळे असतात. करवतीच्या पात्याला लागण्याआधी लोहचुंबक फिरवून ते शोधा.

फणसाच्या ओंडक्यात सालीलगतचं लाकूड पांढुरकं आणि आतलं पिवळं असतं. पिवळं तेवढं घ्या. पांढऱ्यात भुंगेरे शिरतात, पिवळ्याला वाळवी सहसा लागत नाही. आंब्याच्या लाकडाला मात्र किडीचं भय सगळीकडेच आहे. ते घ्यायचं तर चिरल्या चिरल्या बोरिक-बोरॅक्सच्या पाण्याचा हात द्यावा आणि ओलं ठेवू नये, नाहीतर निळसर बुरशी चढते.

पाणी किती आणि हालचाल किती

लाकूड वाळलं म्हणजे त्यातलं पाणी संपलं असं होत नाही. हवेत जितका दमटपणा, त्या मानाने ते पाणी धरतं किंवा सोडतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ ते ९० टक्के असते. तेवढ्या हवेत लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १७ ते २० टक्के पाणी बाळगतं. आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांवर आली की हेच प्रमाण ११-१२ टक्क्यांपर्यंत उतरतं.

हे पाणी नळ्यांच्या भिंतींत शिरतं, म्हणून नळ्या जाड होतात, लांब होत नाहीत. फळीची लांबी बदलतच नाही असं धरून चाललं तरी बिघडत नाही. रुंदी बदलते. कड्यांच्या बाजूने जेवढी बदलते त्याच्या साधारण निम्मी कड्यांच्या आरपार. आकड्यांत सांगायचं तर कमानींची सागाची सहा इंच रुंद फळी, लाकडातलं पाणी १२ टक्क्यांवरून १७ वर गेलं की जवळपास दीड मिलिमीटर फुगते. सरळ रेषांची तेवढीच फळी पाऊण मिलिमीटर. आणि साग हा या बाबतीत शहाणा. बहुतेक लाकडं याहून जास्त हलतात.

कुडाळकडच्या एका सुतारकाकांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: “पावसात लाकूड फुगतलाच, तेका जागा देवक व्हयी.” दीड मिलिमीटर म्हणजे अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ऐकायला कमी वाटतं, पण चारी बाजूंनी गोंद लावून कोंडलेली फळी तेवढ्या जोरावर सांधा उचकटते, किंवा आकसताना मधोमध फाटते.

म्हणून लाकूड आधी वाळू द्यायचं. उघड्यावर वाळणाऱ्या लाकडाला जाडीच्या दर इंचाला वर्षभर, असा जुना हिशेब आहे. पावसाळा संपल्यावर चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये काड्या घालून रचाव्यात आणि टोकांना रंग किंवा मेण लावावं, कारण पाणी टोकांतून सर्वांत लवकर जातं आणि तडे तिथूनच पडतात. वाळलं की नाही हे बघायला यंत्र नसेल तर फळीचा एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला तोलावा आणि वजन लिहून ठेवावं. वजन उतरायचं थांबलं की ते लाकूड तुमच्या घरच्या हवेला आलं.

एका फळीतून चार कोपरे

आता मुख्य काम. समजा पेटी साडेनऊ इंच लांब, सहा इंच रुंद, साडेतीन इंच उंच करायची आहे आणि तिच्या भिंती तीन सुती, म्हणजे पाऊण इंचाच्या निम्म्या जाडीच्या. त्यासाठी सव्वा इंच जाड, चार इंच रुंद आणि सतरा-अठरा इंच लांब अशी एकच फळी पुरते.

सरळ विचार केला तर काय होईल? एका लांब पातळ पट्टीचे ओळीने चार तुकडे करायचे, लांब, आखूड, लांब, आखूड, आणि त्याच क्रमाने जोडायचे. तीन कोपऱ्यांवर रेषा जुळते. चौथ्या कोपऱ्यावर पट्टीचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक भेटतं, आणि त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो. पुष्कळ जण हा कोपरा मागे, बिजागऱ्यांच्या बाजूला लपवतात. चालतं.

पण चौथाही जुळवता येतो. सव्वा इंची फळी जाडीतून मधोमध चिरायची, म्हणजे दोन पातळ फळ्या मिळतात. आत दडलेल्या दोन्ही बाजू पुस्तक उघडावं तशा शेजारी ठेवा. दोन्हींवर एकच नक्षी असते, एक सुलटी आणि एक आरशातली. या दोन आतल्या बाजू म्हणजेच पेटीच्या बाहेरच्या बाजू. पहिल्या फळीवर डावीकडून उजवीकडे लांब बाजू, मग आखूड बाजू आखा. रेषा उजव्या टोकाला पोचली. दुसरी फळी आरशातली असल्यामुळे तिची रेषा त्याच टोकापासून निघते आणि उलट पावली परत येते. तिच्यावर पुन्हा लांब, मग आखूड. शेवटी रेषा जिथून निघाली तिथेच पोचते आणि चौथा कोपरा मिटतो. हे वाचून डोळ्यांपुढे येत नसेल तर वहीच्या कागदाची पट्टी घ्या, तिच्यावर एक वाकडी रेघ मारा, पट्टीच्या पाठीवर उजेडात धरून तीच रेघ गिरवा, आणि पट्टी टोकावरून पलटत रेघेचा माग काढत बघा. एकदा हाताने केलं की विसरत नाही.

दोन फळ्या चिरताना जाडीतला करवतीचा भुसा गेलेला असतो, म्हणून दोन्हींवरची नक्षी केसाएवढी सरकलेली असते. पातळ पात्याच्या बँडसॉवर, म्हणजे पट्ट्यासारख्या फिरत्या पात्याच्या यंत्रकरवतीवर, ते नुकसान कमी. चिरल्यावर लगेच रंधा मारू नका. आतलं लाकूड पहिल्यांदाच हवेला आलेलं असतं, ते थोडं वाकतं. आठ-दहा दिवस काड्यांवर ठेवून मगच तीन सुतांपर्यंत सपाट करा.

तुकडे पाडण्याआधी फळीवर पेटी कुठे बसवायची ते ठरवावं, आणि घाई बहुतेक इथेच होते. जाड पुठ्ठ्यात पेटीच्या दर्शनी बाजूएवढी, साडेनऊ बाय साडेतीन इंचांची खिडकी कापा. फळीवर स्पिरिटचा बोळा फिरवा, क्षणभर रेषा ओल्यासारख्या उठून दिसतात. मग ती खिडकी फळीवर सरकवत बघा. भली मोठी कमान लहान पेटीवर कापली जाते आणि नुसते तिरके फराटे उरतात. लहान पेटीला बारीक नक्षी शोभते. रेषा पेटीच्या बुडाला समांतर असाव्यात. त्या किंचित तिरक्या असल्या तर पेटी सपाट टेबलावरही कललेली वाटते. फळीची कड रेषांना समांतर नसेल तर कड कापून टाका, लाकूड वाया गेलं तरी चालेल.

कोपरे ४५ अंशांतच कापायचे, म्हणजे फळीचं टोक बाहेर दिसत नाही आणि रेषा थेट कोपऱ्यापर्यंत जाते. प्रत्येक कापावर बाहेरच्या बाजूचं नुकसान करवतीच्या जाडीएवढंच असतं, बाकीचा त्रिकोणी तुकडा आतल्या बाजूचा जातो. कापण्याआधी चारही तुकड्यांवर खडूने १ ते ४ आकडे आणि वरच्या दिशेचा बाण काढा. हा बाण राहिला तर एक तुकडा उलटा लागतो आणि सगळी मेहनत जाते.

पावसाळ्यात फोटोफ्रेमचे असे कोपरे उघडतात, मग पेटीचे उघडणार नाहीत का, असं कुणी विचारेल. फ्रेमची पट्टी दोन-तीन इंच रुंद असते आणि सांधा त्या सगळ्या रुंदीतून जातो. पेटीत सांधा जातो तो फक्त भिंतीच्या जाडीतून, आणि तीन सुतांचं लाकूड फुगून फुगणार किती? एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. भिंतींची उंची वाढते, पण चारही बाजूंचे तंतू आडवे असल्यामुळे चारही बरोबरच वाढतात. भांडण होत नाही. यासाठी भिंती पातळ ठेवायच्या आणि रेषा कधीही उभ्या लावायच्या नाहीत.

जोडताना चारही तुकडे बाहेरची बाजू वर करून ओळीने मांडा, कोपऱ्यांवर चिकटपट्टी लावा, सगळी ओळ उलटी करा, खाचांत गोंद भरा आणि गुंडाळत आणा. टोकाचं लाकूड गोंद पिऊन टाकतं. आधी पातळ गोंदाचा एक हात देऊन पाच-दहा मिनिटं थांबा, मग नेहमीचा हात द्या. दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे असले की पेटी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. साग असेल तर गोंदाआधी सांधा स्पिरिटने पुसा, त्याचा तेलकटपणा गोंदाला धरू देत नाही. गोंद पाण्याला दाद न देणारा घ्यावा. आणि नुसत्या गोंदावर विसंबू नये: वाळल्यावर कोपऱ्यांवर आडव्या बारीक फटी पाडून त्यांत शिसवीच्या पातळ चकत्या बसवल्या की सांधा पक्का होतो आणि पिवळ्या फणसावर काळी रेघ खुलून दिसते.

झाकण

झाकण वेगळं करू नका. वर-खाली दोन्ही फळ्यांसकट पूर्ण बंद पेटी जोडा आणि गोंद वाळल्यावर वरून एक इंचावर चहूबाजूंनी कापा. झाकण आणि पेटी एकाच लाकडाची राहतात, आणि उभ्या दिशेनेही नक्षी जुळते.

वरची आणि बुडाची फळी मात्र गोंदाने कोंडायची नाही. भिंतींच्या आतून दीड सूत खोल खाच काढा आणि फळी त्यात सैल बसवा. किती सैल, ते महिन्यावर अवलंबून. फेब्रुवारीत करत असाल तर रुंदीच्या बाजूला दोन्हीकडे मिळून दोन मिलिमीटर मोकळे सोडा. ऑगस्टमध्ये करत असाल तर फळी आधीच फुगलेली आहे, अगदी थोडी जागा पुरे, पण मग खाच खोल हवी, नाहीतर मे महिन्यात फळी आकसून कडेला फट दिसेल. ऑगस्टात केलेली पेटी पुण्याला, देशावर कुणाला देणार असाल तर हे अधिकच जपा. फळीच्या दोन्ही टोकांना मधोमध गोंदाचा एकेक थेंब द्यावा, म्हणजे ती दोन्हीकडे सारखी हलते. आणि खाचेत बसवण्यापूर्वीच तिला तेल-पॉलिश करा. नंतर केलंत तर आकसल्यावर कडेने कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते.

झाकणाच्या फळीसाठी सर्वांत देखणा तुकडा राखून ठेवा. तोही जाडीतून चिरून उघडला तर मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी नक्षी येते. फणसात एक गंमत होते. दोन अर्ध्यांतले तंतू उलट दिशांनी कललेले असल्याने एक अर्धं उजळ आणि दुसरं गडद दिसतं, पेटी वळवली की त्यांची अदलाबदल होते. काहींना हे खटकतं. मला ते झाकणाचं वैभव वाटतं.

रंधा आणि तेल

उलटसुलट तंतूंच्या लाकडावर रंधा मारला की एका पट्ट्यात गुळगुळीत जातो आणि शेजारच्या पट्ट्यात कपचे उपटतो. पातं धारदार करा, अगदी पातळ साल काढा, आणि शेवटचा हात पोलादी पत्र्याच्या खरवडणीने द्या. मग १२०, १८०, २४० आणि ३२० नंबरचा काचपेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. २४० नंतर ओलं फडकं फिरवून वाळू द्यावं, उठलेली लव ३२० ने काढावी.

कोऱ्या लाकडाच्या नळ्यांत हवा असते, तिच्यामुळे उजेड पृष्ठभागावरच विखुरतो आणि रेषा फिक्या दिसतात. तेल ती जागा भरतं, उजेड आत उतरतो आणि नक्षीला खोली येते. पण तेल वाळणारं हवं. खोबरेल वाळत नाही, चिकट राहतं आणि पुढे खवट होतं. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना उत्तम, पण ते लाकूड काळवंडवतं आणि कातडीला भाजतं. पेटीला उकळलेलं जवसाचं तेल (दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून तयार मिळतं ते) पातळ हाताने लावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुसून घ्या, असे तीन-चार हात, प्रत्येकात एक-दोन दिवसांचं अंतर. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. वर लाखेचं पॉलिश करायचं तर कोरड्या महिन्यांत करा, दमट हवेत ते पांढुरकं पडतं. आतून आणि बाहेरून सारखेच हात द्या. एकच बाजू बंद केली तर दुसरी पाणी पिते आणि फळी वाकते.

बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी घ्या. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, आणि ऐनासारख्या लाकडातल्या कषायद्रव्याशी (टॅनिनशी) त्याचा संयोग झाला की भोवती काळा डाग पडतो, तो निघत नाही. फणसाचा रंग सुरुवातीला हळदीसारखा पिवळा असतो, उजेडाने तो हळूहळू सोनेरी तपकिरी होतो. पहिले काही महिने झाकणावर फोटो किंवा फुलदाणी ठेवून देऊ नका, खालची जागा पिवळी राहून तिचा शिक्का उमटतो.

पहिल्या पावसात झाकण थोडं जड लागेल. लगेच रंधा घेऊन बसू नका. दिवाळी होऊ द्या, हवा उतरू द्या, आणि नोव्हेंबरात पुन्हा उघडून बघा. तेव्हाही अडकत असेल तर कडेला खडू घासून झाकण मिटा, खडू जिथे पुसला जाईल तिथेच ३२० चा काचपेपर फिरवा आणि त्या जागेला पुन्हा तेलाचा हात द्या.